आईशी 6 पैकी 3 मॅच, तरी माझी किडनी तिला का चालत नाही?

तुम्ही लिहिलंय की आईचं डायलिसिस सुरू आहे, तुमचा रक्तगट जुळला, एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) 6 पैकी 3 जुळलं, तरी क्रॉसमॅच (आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी दात्याच्या पेशींवर हल्ला करतात का ते पाहणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला. बाबांचा मॅच तर 0. पोटच्या मुलाची किडनी आईलाच परकी कशी?

मी टिश्यू टायपिंगच्या लॅबमध्ये काम करते. असा रिपोर्ट हातात घेऊन रडणारी मुलं मी पाहिली आहेत. तुमच्यात काही कमी नाही, हे आधी सांगते.

एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून असतात, म्हणून त्यांचा अख्खा संच एकदम वारशात येतो. एक संच आईकडून, एक बाबांकडून. त्यामुळे आई आणि मूल नेहमीच किमान अर्धे जुळतात. अडचण उरलेल्या, बाबांकडून आलेल्या अर्ध्यात आहे. तुम्ही पोटात होतात तेव्हा त्या अर्ध्याची आईच्या प्रतिकारशक्तीशी ओळख झाली. काही बायकांच्या शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि ती आठवण कित्येक वर्षं टिकते. तुमच्या आईचं हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. अशा अँटीबॉडी असताना किडनी बसवली, तर ती टेबलावरच निकामी होऊ शकते. पटेल आणि तेरासाकी या संशोधकांनी 1969 मध्ये हे दाखवलं: क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असलेल्या 30 पैकी 24 किडन्या लगेच बंद पडल्या, निगेटिव्ह असलेल्या 195 पैकी फक्त 8.

म्हणून मॅचच्या आकड्यापेक्षा अँटीबॉडीचा रिपोर्ट आधी बघा. तेरासाकींच्याच 1995 च्या अभ्यासात नवरा-बायकोच्या किडन्या तीन वर्षांनी 85 टक्के चालू होत्या, आईवडिलांच्या 82 टक्के. नवरा-बायकोचं नातं रक्ताचं नाही, मॅच बहुधा कमीच, तरीही! पण नवऱ्याची किडनी घेणारी बायको आधी गरोदर राहिलेली असेल, तर आकडा 76 वर आला. चांगला मॅच पुढची वर्षं टिकण्यासाठी हवाच, विशेषतः डीआर आणि डीक्यू या एचएलए खुणांचा, पण अँटीबॉडी नसणं ही पहिली पायरी.

आता मामा-मावशींकडे वळा. सख्ख्या भावंडांत पूर्ण मॅचची शक्यता 25 टक्के, अर्ध्याची 50. शिवाय त्यांच्या अंगात तुमच्या बाबांचा संच नाही. तुम्हाला बहीण असेल तर तिचीही तपासणी करा, तिला बाबांचा दुसरा संच मिळालेला असू शकतो. कोणीच जमलं नाही तर स्वॅपबद्दल, म्हणजे दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करण्याबद्दल, विचारा. 2011 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात त्याला जागा आहे. प्लाझ्मा बदलून अँटीबॉडी कमी करण्याचे उपचारही आहेत. महाग आहेत, जोखीमही जास्त, पण काहींना त्यातून किडनी मिळाली आहे.

डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की विचारा: क्रॉसमॅच सीडीसीने (अँटीबॉडीने पेशी मरतात का ते पाहणारी पद्धत) पॉझिटिव्ह आला की फक्त फ्लोने (थोड्या अँटीबॉडीही पकडणारी जास्त संवेदनशील पद्धत), आणि सिंगल अँटिजेन टेस्टमध्ये (एकेका एचएलए खुणेसाठी वेगळी तपासणी) नेमक्या कोणत्या अँटिजेनविरुद्ध, म्हणजे कोणत्या खुणेविरुद्ध, अँटीबॉडी दिसल्या. आणि हिमोग्लोबिन उतरलं म्हणून आईला रक्ताची बाटली चढवायची वेळ आली, तर एरिथ्रोपोएटिनच्या (शरीराला रक्तपेशी बनवायला लावणारं औषध) इंजेक्शनवर भागेल का ते आधी विचारा. रक्त चढवल्यानेही नव्या अँटीबॉडी तयार होऊ शकतात.