सोंडकिड्याच्या अंगातले जिवाणू आणि कोठारातली ज्वारी

प्रश्न: दरवर्षी ज्वारीच्या पोत्यांना सोंडे लागतात. त्यांच्या अंगातल्या जिवाणूंमुळे कीड टणक होते, असं वाचलं. डाळिंबाच्या तेलकट डागासाठी आणलेलं स्ट्रेप्टोसायक्लिन हे जिवाणू मारणारं औषध ज्वारीला चोळलं तर चालेल का?

उत्तर: अजिबात चोळू नका. ते औषध थेट तुमच्या भाकरीत जाईल आणि किडीचं काही बिघडणार नाही.

तुम्ही वाचलेलं मात्र खरं आहे. सोंडकिड्यात सोडालिस नावाचे जिवाणू राहतात आणि पाठीचं कवच कडक व्हायला लागणारी अमिनो आम्लं पुरवतात. धान्यात ती कमी असतात. पण मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि तोंड बुजवते. अळी आतच वाढते, तिथं चोळलेलं औषध पोचत नाही. किडा बाहेर पडला, कवच कडक झालं, की आतड्यातले जिवाणू तो स्वतःच पचवून टाकतो. मादीच्या अंडाशयात तेवढे उरतात, पुढच्या पिढीसाठी. म्हणजे पोत्यावर फिरणाऱ्या किड्यात जिवाणूंचं काम आधीच झालेलं असतं. प्रयोगशाळेत जिवाणूमुक्त केलेले सोंडेही जगतात. फिकट असतात, हळू वाढतात, पण धान्य खातातच.

मला या किडीत सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. सोंडवाल्या भुंग्यांच्या पूर्वजांत १० कोटी वर्षांहून आधी नार्डोनेला नावाचा जिवाणू शिरला. कोकणात नारळ पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यात तो आजही आहे. त्याची जनुकं इतकी झिजली आहेत की कवचासाठी लागणारं टायरोसिन हे अमिनो आम्ल बनवणं एवढंच मुख्य काम उरलं आहे. धान्यातल्या सोंड्यांच्या घराण्यात मात्र तो जाऊन सोडालिस आला, तोही सुमारे २८ हजार वर्षांपूर्वी, असा अंदाज आहे. जी कीड जुना सोबती बदलू शकते, तिला एका औषधानं नमवण्याची आशा धरू नका.

ज्वारी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा आणि थंड झाल्यावरच भरा. जुनं धान्य नव्यात मिसळू नका. हवाबंद पिशवी मिळाली तर तीच घ्या: आतला प्राणवायू संपला की दाण्यातली अळीही मरते. पिशवी मधेमधे उघडू नका. विषारी वायूच्या गोळ्या राहत्या घरात नकोतच.

स्ट्रेप्टोसायक्लिन आधीच चोळलं असेल, तर ती ज्वारी दळू नका आणि जनावरांनाही घालू नका.