नदीचं पाणी स्वतः तपासायचंय, किट कोणतं घेऊ?

तुम्ही विचारलंय की गावातले दहा-बारा जण मिळून दर महिन्याला नदीचं पाणी तपासायचं म्हणताय, तर किट कोणतं घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी. किटचं शेवटी सांगतो. पुण्यात मुठेवर आम्ही काही जण हे काम सात वर्षं करतोय. पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं, आणि त्यात किटचा काही दोष नव्हता. घोळ घड्याळाचा होता.

रविवारी सगळे जमले की निघायचं, अशी आमची पद्धत. म्हणजे कधी सकाळी नऊ, कधी मिसळ खाऊन दुपारचे तीन. एका एप्रिलमध्ये मैलापाण्याचा वास मारणाऱ्या, हिरव्यागार डोहात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११ मिलिग्रॅम आला. पंचवीस अंशाच्या स्वच्छ पाण्यातही तो जेमतेम आठच्या आसपास मावतो! आम्हाला वाटलं, रसायनं खराब निघाली. पुढच्या आठवड्यात एक जण पहाटे सहाला तिथेच गेला, तर आकडा दोनसुद्धा नाही. दोन्ही आकडे खरे होते. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच वापरतं, त्यामुळे उजाडायच्या सुमाराला पाण्यात सगळ्यात कमी उरतो. तेव्हापासून आमची वेळ सकाळी सात ते आठ. उशीर झाला तर नमुना घेत नाही. तुम्ही कुठलीही वेळ ठरवा, पण मग ती बदलू नका.

जागा तीन पुरे. एक वस्तीच्या वर (आमची खडकवासला धरणाच्या खाली आहे), एक वस्तीत, एक मोठा नाला मिळाल्यानंतर. पण नाल्याच्या अगदी तोंडाशी घेऊ नका. नाल्याचं पाणी बरंच अंतर काठाला धरूनच वाहतं, नदीत मिसळलेलं नसतं. पूल असेल तर सोन्याहून पिवळं : दोरीला बादली बांधून मधल्या धारेतलं पाणी काढता येतं. फक्त ऑक्सिजनची बाटली त्या बादलीत तिरकी बुडवून हळूच भरा, वरून ओतू नका. ओतताना हवा मिसळते आणि आकडा फुगतो. बाटलीत एकही बुडबुडा राहता कामा नये.

ऑक्सिजनसाठी विंक्लरची रासायनिक पद्धत घ्या. पहिली दोन रसायनं घातली की ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तपकिरी गाळ धरतो, नसलेल्यात पांढरा. मिलिग्रॅम वगैरे ज्यांच्या डोक्यावरून जातं, त्यांना नाल्याच्या बाटलीतला तो पांढरा गाळ बरोबर कळतो. आमच्या भागातल्या बैठकीत सगळे आलेख बाजूला राहिले आणि ती एक बाटली हातोहात फिरली. याच्या जोडीला तापमान, पीएच आणि पारदर्शकता, बस्स. बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात, त्याचं माप) आणि जिवाणू घरी मोजण्याच्या भानगडीत पडू नका, ते प्रयोगशाळेचं काम. बीओडीला २७ अंशांवर तीन दिवस नमुना ठेवावा लागतो. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, ती न विसळता भरायची आणि बर्फात घालून त्याच दिवशी पोचवायची. तुलनेसाठी आंघोळीच्या पाण्याचा निकष हाताशी ठेवा : ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी.

तुमचे आकडे कोर्टात पुरावा म्हणून चालतील अशी आशा ठेवू नका. १९७४च्या जल प्रदूषण कायद्यात त्यासाठी कलम २१ आहे, त्याप्रमाणे नमुना प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. पण तो कधी आणि कुठे घ्यायचा, हे त्यांना वहीतल्या नोंदीवरून नेमकं सांगता येतं. ‘नदी घाण झालीय’ असा अर्ज आणि ‘या पुलाखाली सलग चार महिने सकाळी ऑक्सिजन दोनच्या खाली’ असा अर्ज, यात फार फरक पडतो.

बारा जणांतले पावसाळा संपेपर्यंत चार उरतील, हे धरूनच आखणी करा. आमचं तसंच झालं. एकट्याने पाण्याजवळ जायचं नाही, पायात गमबूट, हातात मोजे, आणि पायाला जखम असेल त्याने त्या दिवशी वही लिहायची. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की आमच्याकडे भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा कोणीही खाली उतरत नाही. वहीत ‘विसर्ग सुरू, नमुना नाही’ एवढं लिहितो. तीही नोंदच.

आता किट. विंक्लरचं साधं, पन्नासेक चाचण्यांचं घ्या. घेताना रसायनांची मुदत बघा, आमच्या पहिल्या खोक्याची दोन महिन्यांत संपत होती. त्यात तीव्र आम्ल असतं, म्हणून पोरांच्या हाती बाटल्या देऊ नका. त्यांना थर्मामीटर द्या, पण पाऱ्याचा नको, खडकावर आपटून फुटतो.