पत्र आणि उत्तर : सरांबद्दल लिहू तरी काय?

प्रश्न : बाईंना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. सध्या बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. आमच्या हायस्कूलचे हेडमास्तर गेल्या महिन्यात वारले. माजी विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली आहे, स्मरणिकाही काढणार आहेत. मुख्य लेख माझ्या गळ्यात पडला, कारण काय तर शाळेत माझं अक्षर बरं होतं! लिहायला बसलो की फ्लेक्सवरचंच सुचतं. ज्ञानाचा महामेरू, अजातशत्रू, कधीही न भरून येणारी पोकळी.

शिवाय भानगडी आहेतच. काहींना आवारात सरांचा अर्धपुतळा हवा. निवृत्तीनंतर सर दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीसाठी बेळगावला जायचे. ते लिहावं की गाळावं यावर वाद आहे, कारण सभेत आमचे कन्नडचे सर बोलणार आहेत. त्यांनी कन्नडमधून बोललेलं काहींना चालणार नाही, तो आणखी एक वाद. आणि सर मारायचे. काजूच्या बागेत सापडलो म्हणून आम्हा दोघांना निरगुडीच्या फोकानं सडकून काढलं होतं. माझा सोबती त्यानंतर शाळेत आलाच नाही. हे लिहायचं का?

ता. क. सर मूळचे महाराष्ट्रातल्या चंदगडकडचे. आले तेव्हा त्यांना कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. आमच्याबरोबर आठवीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर बसून शिकले. कन्नडचे सर त्यांची वही तपासायचे.

– एक माजी विद्यार्थी

उत्तर : अहो, लेख तुम्ही ताज्या कलमात लिहून टाकलाय आणि मला विचारताय काय लिहू!

हेडमास्तर पोरांच्या मागं गुडघे दुमडून बाकावर बसतो, मुळाक्षरं गिरवतो आणि आपल्याच हाताखालच्या शिक्षकाकडून वहीत लाल रेघा मारून घेतो. मी बेळगावात शिक्षिका म्हणून उभी हयात काढली, पण असं दृश्य पाहिलं नाही. आमच्याकडे साहेबांच्या पत्रातली वेलांटी चुकली तर क्लार्क ती तशीच टाइप करायचा. कोण सांगणार? तेव्हा महामेरू काढून टाका आणि लेख त्या बाकापासून सुरू करा. कुणाच्या शेजारी बसायचे? पोरं हसली का? घंटा झाल्यावर ऑफिसात जायचे की पुढच्या तासालाही बसायचे? उत्तरं चुकली की काय म्हणायचे? ती वही घरात आहे का? असली तर तिचं एक पान स्मरणिकेत छापा. फेटा बांधलेल्या फोटोपेक्षा ते बरं.

पुढचा प्रश्न, शिकलेल्या कन्नडचं त्यांनी केलं काय? आपल्याकडे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, तहसीलची नोटीस कन्नडमध्ये, लाइट बिल कन्नडमध्ये. घरात मराठीशिवाय दुसरं काही न बोललेला म्हातारा तो कागद घेऊन कुणाच्या तरी ओसरीवर जातोच. तुमच्या गावात तो सरांच्या ओसरीवर जात असणार, असा माझा आपला अंदाज. विचारून खात्री करा, नसेल तर लिहू नका.

आणि विचारायचं कुणाला, तर नंबरात आलेल्यांना शेवटी. ते सगळे एकसारखंच लिहितात, ‘सरांनी आम्हाला घडवलं’. दहावीला गचकलेल्यांना विचारा. शिपाईमामांना विचारा. शाळेत भात शिजवणाऱ्या बाईंना विचारा. रोप लावणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात असायचा, तेव्हा सर गैरहजेरी मांडायचे की चाचणी पुढं ढकलायचे? तुमच्या भागातल्या पावसात भिजून आलेल्या पोरांचं काय करायचे? अशा चार गोष्टी हाताला लागल्या की लेख भरला. मग विशेषणांना जागाच उरणार नाही.

आता १ नोव्हेंबर. लिहा. पोरांच्या बाकावर बसून दुसऱ्यांची भाषा शिकलेला माणूस दंडाला काळी फीत लावून फेरीलाही जात होता. दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच परिच्छेदात येऊ द्या. १९५६ साली त्या तारखेला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासून इथली मराठी माणसं हा दिवस निषेधाचा काळा दिन म्हणून पाळतात. कन्नडच्या सरांना हे आजच कळणार आहे का? वर्षानुवर्षं एका स्टाफरूममध्ये दोघांनी चहा घेतलाय. सर बेळगावला कुठं जातात हे त्यांना तुमच्या कमिटीपेक्षा आधी ठाऊक असणार. मात्र लिहायचं ते सरांबद्दल. कुठून निघायचे, सायकल कुणाची, परत आल्यावर काय सांगायचे. सीमाप्रश्नाचं भाषण त्यात कोंबू नका. महाराष्ट्राचा तो दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तुमच्या स्मरणिकेनं निकाली निघणार नाही.

कन्नडच्या सरांना कन्नडमध्येच बोलू द्या आणि सगळ्यांत आधी बोलू द्या. ज्यांनी सरांची वही तपासली त्यांना सभेत कुठल्या भाषेत बोलायचं हे कमिटीनं सांगावं, याचं मला हसू येतं आणि थोडा रागही येतो. त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक आहे. ज्यांना ते ऐकवणार नसेल त्यांनी तेवढा वेळ बाहेर बसावं, भडंग खावा.

माराचं मात्र सोपं नाही. तुमच्या-माझ्या पिढीत छडीला कुणी नाव ठेवत नव्हतं, पालकच सांगायचे, ‘हाडं आमची, कातडं तुमचं.’ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारायला बंदी घातली, ती उगाच नाही. तुमच्यावर पडलेला मार तुमचा आहे, तो तुम्ही खुशाल लिहा. पण ‘त्या माराने मी माणूस झालो’ हे वाक्य लिहायचं नाही. तुम्ही माणूस झालात, तुमचा सोबती शाळेतून गेला, मार एकच होता. त्याच्याबद्दल लिहिण्याआधी त्याच्या घरी जा. फोनवर नको. सर वारले हे त्याला माहीत आहे का बघा. सभेचं आमंत्रण द्या. तो आला नाही तरी द्या. छापू नका म्हणाला तर ती ओळ गाळायची, आणि बोलायला लागला तर ऐकून घ्यायचं, मधेच सरांची बाजू घ्यायची नाही. सर गेले म्हणून त्याची तक्रार संपली असं होत नाही. सगळ्यांचे लाडके हेडमास्तर एखाद्याचे लाडके नव्हते, एवढं तुमच्या लेखाला सोसायला हवं.

पुतळ्याला माझा विरोध आहे, सरळ सांगते. आपल्याकडे पुतळ्यांवरून काय काय झालंय ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आणि तुमच्याकडच्या पावसात दोन वर्षांत त्यावर शेवाळ चढेल, मग घासायला पुन्हा शिपाईमामाच. पैसे जमत असतील तर शाळेसाठी बँकेत ठेव ठेवा. १ लाखावर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६,५०० रुपये व्याज येतं. रक्कम मोठी नाही, पण उपयोग नेमका ठरवा. ‘गुणवंत विद्यार्थी पुरस्कार’ म्हणून पहिल्या नंबराला ढाल देऊ नका, त्याच्याकडे ढाली पुष्कळ आहेत. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत मुलींचा बसप्रवास फुकट झाला, मुलांना अजून पासाचे पैसे भरावे लागतात. वाडीवरून येणाऱ्या दोन-तीन पोरांचा पास त्यातून निघाला तर ती पोरं वर्गात दिसतील. मराठी शाळांचे पट कसे घसरतायत ते तुम्ही बघताच आहात. पट गेला तर पुतळा कुणाकडे बघत बसणार? ठेव कुणा एकाच्या नावावर ठेवू नका. हुद्द्याच्या नावानं ठेवा, म्हणजे माणूस बदलला तरी अडत नाही. आणि पहिल्याच सभेत कागदावर घ्या की मुद्दलाला हात लावायचा नाही. माजी विद्यार्थ्यांचा उत्साह वर्षश्राद्धापर्यंत टिकतो, हा माझा अनुभव.

लेख छापायला देण्याआधी सरांच्या घरी वाचून दाखवा. परवानगी मागायला नव्हे, चुका काढून घ्यायला. सरांच्या मिसेस तुमच्या निम्म्या तारखा दुरुस्त करतील, बघा. त्यांना सभेत बोलायचं असेल तर बोलू द्या. नसेल तर स्टेजवर बसवून सगळ्यांसमोर रडायला लावू नका, पहिल्या रांगेत खुर्ची द्या.

तुमचं स्वतःचं भाषण सात मिनिटांचं ठेवा. पंख्याखाली वाचायचं असल्यानं कागद टाचून घ्या. सभा वेळेत सुरू करा, वाडीवरच्या लोकांना शेवटची बस गाठायची असते. आणि सूत्रसंचालन कुणाकडेही द्या, पण शेरोशायरी नको म्हणून आधीच बजावून ठेवा.