बटण की स्क्रू?

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा असून कबड्डी खेळतो. चढाईत गुडघा पिळवटून त्याचा एसीएल हा हाडांना जोडणारा लिगामेंट तुटला. मांडीमागील हॅमस्ट्रिंग स्नायूची दोरी काढून नवा लिगामेंट करायचा, यावर दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे. मात्र एक जण ती वर बटणाने (हाडावर बसणाऱ्या छोट्या पट्टीने) आणि खाली विरघळणाऱ्या स्क्रूने बसवू म्हणतात, तर दुसरे दोन्हीकडे बटणेच सुचवतात. अधिक पक्के काय, आणि हे सामान पुढे काढावे लागते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि नीट केल्या तर दोन्हींचे निकाल चांगले येतात. मांडीच्या व नडगीच्या हाडांत बोगदे पाडून त्यांतून ग्राफ्ट, म्हणजे काढलेली ही दोरी, ओवला जातो. बोगद्याच्या भिंतीशी तो साधारण ८ ते १२ आठवड्यांत जुळू लागतो आणि तोपर्यंत सगळा भार बटणावर किंवा स्क्रूवर असतो. त्यातही नडगीकडची बाजू कच्ची, कारण तेथील हाड तुलनेने मऊ असते आणि ग्राफ्टवरील ओढ बोगद्याच्या रेषेतच येते.

स्क्रू ग्राफ्टला बोगद्यातच, सांध्याच्या जवळ दाबून धरतो. मात्र तो तिरका गेला तर पकड सैल राहते आणि त्याच्या आट्यांनी कधी ग्राफ्टच कापला जातो. बटण हाडाच्या बाहेरच्या कठीण कवचावर आडवे बसत असल्याने पकड मजबूत असते, पण ग्राफ्ट त्याला फासाने लोंबकळत असल्यामुळे बोगद्यात किंचित हलतो आणि बोगदा रुंदावू शकतो. ही रुंदी एक्स-रेत दिसली म्हणजे गुडघा सैल झालाच असे नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर मात्र ही रुंदी अडचणीची ठरते. बटण आणि हाड यांच्यामध्ये स्नायू अडकला, तर पुढे बटण सरकून ग्राफ्ट ढिला पडू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे जपून ठेवावा.

स्पष्टच सांगायचे तर, साधन कोणते यापेक्षा बोगदा कोठे पाडला हे अधिक महत्त्वाचे असते. मांडीच्या हाडातील बोगदा चुकीच्या जागी पडणे हे ग्राफ्ट निकामी होण्याचे एक नेहमीचे तांत्रिक कारण आहे. त्यामुळे डॉक्टरांना बटणाच्या कंपनीपेक्षा, अशा शस्त्रक्रिया ते किती नियमितपणे करतात, हे विचारावे.

सामान सहसा काढावे लागत नाही. नडगीवरील स्क्रू किंवा स्टेपल (हाडात ठोकलेली पिन) मांडी घालताना वा गुडघे टेकताना टोचू लागला, तर तो नंतर काढता येतो. ‘विरघळणारा’ स्क्रू विरघळायला काही वर्षे लागतात, आणि क्वचित त्या जागी पाण्याची गाठ येते.

नडगीच्या पुढच्या भागावर बधिरपणा आला तर घाबरू नये. चीर देताना त्वचेची बारीक नस दुखावल्याने तो येतो आणि बहुधा कमी होत जातो. याउलट ताप, वाढती सूज, जखमेतून स्राव किंवा पोटरीत दुखणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी दाखवावे. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर फिजिओथेरपीत टाळाटाळ नको. कधी ग्राफ्टच्या पुढे व्रणाची गाठ तयार होऊन ती अडते आणि दुर्बिणीने काढावी लागते.

मैदानावर परतण्याची घाई ९ महिन्यांच्या आत करू नये, आणि त्यानंतरही दोन्ही मांड्यांची ताकद तपासूनच त्याला चढाईला पाठवावे.