संगणक-शंका : मेलमधून येणारे व्हायरस आणि घरचा संगणक

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. घरच्या संगणकावर निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि नातवंडांची वीस वर्षांची छायाचित्रे आहेत. गेल्या महिन्यात ‘आपला प्राप्तिकर परतावा मंजूर झाला आहे’ अशा विषयाचा मेल आला. मी तो उघडून वाचला, मात्र सोबतची फाईल उघडली नाही. नुसता मेल उघडल्यामुळे व्हायरस शिरला असेल का? अशी फाईल ओळखायची कशी?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण फाईल उघडली नाही, त्यामुळे काळजीचे कारण नाही. ब्राउझरमध्ये जीमेलसारख्या सेवेतून मेल केवळ वाचल्याने संगणकावर व्हायरस चालू होत नाही. ही भीती निराधार मात्र नव्हती. १९९९ च्या अखेरीस ‘बबलबॉय’ नावाचा व्हायरस मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक एक्स्प्रेस या मेल वाचण्याच्या प्रोग्राममधील एका त्रुटीचा फायदा घेऊन मेल पाहताक्षणीच चालू होत असे, आणि ‘मेल उघडला की व्हायरस आला’ ही समजूत त्या काळात घट्ट झाली. ती त्रुटी केव्हाच दुरुस्त झाली. आज मेलमधल्या व्हायरसला बहुतेक वेळा आपल्याच हाताची गरज लागते : आपण फाईल डाउनलोड करावी, तिच्यावर दोनदा क्लिक करावे, एखादी परवानगी द्यावी. म्हणून मेलचा सगळा मजकूर आपल्याला घाईला लावण्यासाठी लिहिलेला असतो. परतावा मंजूर झाला, खाते बंद होणार, पार्सल अडकले, वीज तोडली जाणार, हे विषय त्याच हेतूने निवडले जातात.

फाईल ओळखण्यासाठी तिचे संपूर्ण नाव दिसले पाहिजे, आणि विंडोजमध्ये ते मुळात दिसतच नाही. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस काही तासांत जगभर पसरला, त्यामागे हेच एक मोठे कारण होते. त्या फाईलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि त्यानंतर ‘व्हीबीएस’ असे दोन प्रत्यय, म्हणजे फाईलचा प्रकार सांगणारी टिंबानंतरची अक्षरे, होते. विंडोजने शेवटचा प्रत्यय लपवला, त्यामुळे लोकांना ती साध्या मजकुराची फाईल वाटली, प्रत्यक्षात ती चालणारी आज्ञावली होती. ती उघडताच संगणकावरील छायाचित्रांच्या फाईलींवर व्हायरसची स्वतःची प्रत लिहिली जाई आणि पत्तापुस्तिकेतील सर्वांना तोच मेल जाई, म्हणजे पुढच्याला तो ओळखीच्या माणसाकडूनच मिळे. इतके होऊनही, पंचवीस वर्षांनंतर, विंडोज मुळात हे प्रत्यय लपवूनच ठेवते, याची मला खरोखर खंत वाटते. आपण ही सोय आजच बदलावी. विंडोज ११ मध्ये फाईल एक्सप्लोरर उघडून वरच्या ‘व्ह्यू’ या पर्यायातील ‘शो’मध्ये जावे आणि ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ यावर खूण करावी. विंडोज १० मध्ये हीच खूण ‘व्ह्यू’च्या पट्टीवर समोरच मिळते.

यानंतर नाव नेहमी शेवटाकडून वाचावे. ‘परतावा.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाईल पीडीएफ नसून प्रोग्राम आहे. ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, बॅट, एलएनके, आयएसओ यांपैकी काही शेवटी असेल, तर घरगुती पत्रव्यवहारात अशी फाईल येण्याचे कारणच नाही, असे समजून मेल काढून टाकावा. झिप फाईल आली आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असेल, तर तो गोपनीयतेसाठी दिलेला नसतो. पासवर्ड लावलेल्या फाईलच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, एवढ्यासाठीच तो लावलेला असतो. वर्ड किंवा एक्सेलची फाईल उघडल्यावर ‘मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा’ असे लिहिलेले आढळले, तर ते बटण कदापि दाबू नये. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो, म्हणजे फाईलच्या आत दडलेल्या छोट्या आज्ञावली, नव्या ऑफिसमध्ये आपोआप रोखण्यास सुरुवात केली, परंतु घरोघरी अजून जुनी ऑफिस चालू आहेत आणि त्यांत हा निर्णय आपल्याच बोटावर सोपवलेला आहे. अलीकडची एक युक्ती याहून घातक आहे. मेलमधील दुव्यावर गेल्यास ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे सांगून विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबायला, मग काहीतरी चिकटवून एंटर करायला सांगतात. कोणतेही खरे संकेतस्थळ असे कधीही सांगत नाही.

दुवा असल्यास पत्ता पाहावा. प्राप्तिकर विभागाचे संकेतस्थळ ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ येथे संपते. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेषा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी हेच शब्द असले पाहिजेत. ‘इन्कमटॅक्स’ हा शब्द पत्त्यात कुठेतरी आधी आला, याला काहीही अर्थ नाही. त्याहून सोपे म्हणजे दुव्याला हातच न लावता पत्ता स्वतः टाइप करून आपल्या खात्यात जावे. परतावा खरोखर असेल, तर तो तेथे दिसेल.

प्रश्न : माझा घरगुती मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे. अनोळखी व्यापाऱ्याकडून ‘परचेस ऑर्डर’ असा मेल आला. मी सोबतची झिप उघडून आतल्या फाईलवर क्लिक केले. क्षणभर काळी खिडकी आली आणि गेली, पुढे काहीच झाले नाही. आता मी काय करावे? अनोळखी मेल उघडायचेच नाहीत, हे आमच्या धंद्यात शक्य नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काहीच झाले नाही, असे कृपया समजू नका. आजचे अनेक व्हायरस दिसण्यासाठी येतच नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू असलेली लॉगिन गुपचूप उचलून ते पाठवून देतात, आणि त्यासाठी त्यांना काही क्षणच पुरतात. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम वायफाय बंद करा किंवा नेटची वायर काढा, आणि जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क व पेन ड्राइव्ह काढून ठेवा. त्यानंतर दुसऱ्या उपकरणावरून, म्हणजे आपल्या मोबाईलवरून, सर्वांत आधी ई-मेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच मेलवरून नव्याने मिळवता येतात. मग बँकेचा आणि इतर खात्यांचा बदला. त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलण्याची चूक बरेच जण करतात आणि नवा पासवर्डही चोराच्या हाती देतात. पासवर्ड बदलल्यावर ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ हा पर्याय अवश्य वापरा. चोरलेली चालू लॉगिन केवळ पासवर्ड बदलून दरवेळी बंद पडत नाही.

संगणकासाठी विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ आणि त्यातील ‘स्कॅन ऑप्शन्स’ येथे ऑफलाइन स्कॅन मिळतो. तो संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज पूर्ण चालू होण्याआधी तपासणी करतो. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, फाईल खरोखर चालली असेल, तर आवश्यक कागदपत्रे व छायाचित्रे बाजूला काढून विंडोज नव्याने बसवून घ्यावे. एक दिवस मोडेल, परंतु ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याबद्दल मनात शंका ठेवणे योग्य नाही. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. फाईली कुलूपबंद होऊन खंडणीची मागणी आली, तर पैसे देऊ नयेत. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात, तेथे आधी पाहावे.

आपल्या दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत आहे. ज्यांचा व्यवसायच अनोळखी ग्राहकांवर चालतो, त्यांना ‘उघडू नका’ एवढे सांगणे हा सल्ला नव्हे. आपण ऑर्डरची फाईल डाउनलोड न करता जीमेलमध्येच पाहावी. अशा वेळी ती आपल्या संगणकावर चालत नाही, तिचे केवळ चित्र आपल्याला दिसते. तशी दिसू न शकणारी किंवा झिपमध्ये आलेली ऑर्डर असेल, तर ‘कृपया मेलच्या मजकुरातच मालाची यादी लिहावी’ असे नम्रपणे उलट कळवावे. खऱ्या ग्राहकाला त्यात अडचण नसते. शिवाय रोजच्या कामासाठी विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर नसलेले, साधे खाते तयार करून घ्यावे, म्हणजे चुकून काही चाललेच तर संपूर्ण यंत्रणेत शिरण्यापूर्वी त्याला पासवर्ड मागावा लागेल.

प्रश्न : माझ्या नावाने नातेवाइकांना विचित्र मेल जात आहेत. माझा संगणक बाधित झाला आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : तसे असेलच असे नाही. पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचेही नाव लिहिता येते, जसे पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव घालू शकतो. नातेवाइकांकडून नावामागचा पूर्ण पत्ता मागवून घ्या. पत्ता वेगळा असेल, तर नाव केवळ वापरले गेले आहे. पत्ताही आपलाच असेल आणि आपल्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये ते मेल दिसत असतील, तर खाते दुसऱ्याच्या हाती आहे. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम सेटिंग्जमध्ये कोणी घालून ठेवला नाही ना, हे पाहा. हा नियम राहून गेला, तर पासवर्ड बदलूनही आपले मेल बाहेर जात राहतात.

प्रश्न : घरच्या संगणकाला विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू आणि अद्ययावत असेल, तर घरगुती वापरासाठी तो पुरेसा आहे. पुण्यात जन्मलेल्या क्विक हीलसारखा विकतचा घ्यायचा असल्यास जरूर घ्या, मात्र दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नका आणि मुदत संपलेला तसाच ठेवू नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विंडोज १० चे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. संगणक त्यावर असेल, तर विंडोज ११ घ्यावे किंवा वाढीव सुरक्षा-सुधारणांसाठी नोंदणी करावी.

विकतच्या अँटिव्हायरससाठी बाजूला ठेवलेले पैसे मी आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर खर्च करीन. महिन्यातून एकदा तीवर प्रत काढावी आणि काम झाल्यावर ती वायरसकट काढून कपाटात ठेवावी, कारण जोडून ठेवलेल्या डिस्कवरील प्रतही फाईली कुलूपबंद करणारा व्हायरस सोडत नाही. प्रत काढल्यावर त्यातील एखादे छायाचित्र दुसऱ्या संगणकावर उघडते का, हेही पाहून घ्यावे.