दादरची 'ओनरशिप टाइप' जागा, २ लाख टोकन दिलंय, आता २५ लाख मागतायत

गुरुजी नमस्कार, तुमचा मेसेज आणि सोबतचे फोटो नीट बघितले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गुरुजी झेडपीच्या शाळेतनं रिटायर झालेत, राहायला साताऱ्यात गोडोलीत, मुलगी परळला नोकरीला. तिच्यासाठी दादर पश्चिमेला रानडे रोडच्या आतल्या गल्लीत १९३७ सालच्या बिल्डिंगमधली दुसऱ्या मजल्यावरची जागा बघितलीय, साडेतीनशे स्क्वेअर फूट. जाहिरातीत 'युद्धाआधीचं मजबूत बांधकाम, उंच छत, मार्केट-स्टेशन पायाखाली, ओनरशिप टाइप', सांगतायत ८० लाख. करंज्याचा प्लॉट विकून पैसे आलेत, त्यातले २ लाख टोकन म्हणून एनईएफटी केले आणि आता एजंट म्हणतोय ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून २५ लाख द्या, भाडेपावती नंतर तुमच्या नावावर करून घेऊ.

२५ लाख देऊ नका. बाकी सगळं पुढं वाचा, पण हे आधी.

तुम्हीच पाठवलेल्या फोटोत भाडेपावती आहे. महिना दीडशेच्या आत भाडं, खाली रिपेअर सेस, म्हणजे जुन्या बिल्डिंगच्या दुरुस्तीसाठीचा कर, वेगळा लावलाय आणि नाव विकणाऱ्यांच्या आजोबांचं. म्हणजे बिल्डिंगचा मालक तिसराच कुणीतरी आहे आणि ही विकणारी दोघं भावंडं तुम्हाला फ्लॅट विकत नाहीयेत, त्यांची भाडेकरी, म्हणजे भाडेकरू म्हणून राहायचा हक्क, विकतायत. पागडी म्हणतात ती हीच. दादर-माटुंग्याकडं त्या काळातल्या सोसायटीच्या बिल्डिंगापण आहेत, तिथं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासद असल्याचा कागद, निघतं आणि विषय वेगळा होतो, पण इथं तसा एकही कागद दिसत नाही.

पागडी म्हणजे बेकायदेशीर असं आपल्याकडं अजून लोक समजतात, पूर्वी होतंच तसं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून टाकली आणि पागडी घेणं गुन्हा ठरवलं, तरी सगळी मुंबई टेबलाखालनं ती घेत राहिली. मग ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, त्याच्या कलम ५६ नं भाडेकरूला हक्क सोडायचे किंवा दुसऱ्याला द्यायचे पैसे घ्यायला आणि मालकाला संमतीचे पैसे घ्यायला मोकळीक दिली. त्यामुळं पागडीत पैसे घातले म्हणून तुम्ही गुन्हेगार वगैरे होत नाही. गोची वेगळीच आहे, कलम २६ म्हणतं की तसा करार नसेल तर भाडेकरूला जागा परस्पर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि मालकाला न विचारता केली तर मालक कलम १६ खाली जागा खाली करून मागू शकतो. म्हणजे नोटरी करून तुम्ही आत राहायला गेलात तर मालकाच्या हातात आयता दावा, मुलगी लघुवाद कोर्टात (मुंबईत भाड्याचे दावे चालतात तिथं) तारखांना आणि २५ लाख भावंडांच्या खात्यात. एजंटचं कमिशन तर केव्हाच संपलेलं असतंय.

आता ते मृत्युपत्र. एजंटनं मोठ्या विश्वासानं पाठवलंय की आजोबांनी जागा धाकट्या नातवाला लिहून दिलीय. गुरुजी, भाडे कायद्याखालची भाडेकरी मृत्युपत्रानं देता येत नाही, सुप्रीम कोर्टानं १९९४ साली हे स्पष्ट केलंय. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत त्या जागेत राहणारा घरातला माणूस भाडेकरू होतो, असा कुणी नसेल तर वारसांपैकी कुणीतरी, आणि वारसांचं आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. तुमच्या केसमध्ये आजोबा वारले तेव्हा त्यांच्यासोबत मोठा नातू राहत होता आणि मृत्युपत्रवाला धाकटा तेव्हापासून कराडात आहे. म्हणजे कागद ज्याच्या नावाचा त्याचा हक्क कच्चा आणि ज्याचा हक्क पक्का तो फोनवर येत नाही! हे मला सगळ्यात जास्त खटकलं. मोठ्या भावाशी तुम्ही स्वतः समोरासमोर बोलल्याशिवाय एक रुपया पुढं सरकवू नका, आणि या भावांची एखादी आत्या हयात असेल तर तिचीपण ना हरकत घ्या, नंतर माहेरच्या जागेचा विषय निघायला वेळ लागत नाही.

आणखी एक, जागेला दोन वर्षं कुलूप आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात. दावा लावायच्या आधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरात नसेल तर तेवढ्यावरपण मालक ताबा मागू शकतो. मालकानं आधीच दावा लावलाय का हे लघुवाद कोर्टात सर्च घेऊन बघावंच लागेल, विकायची एवढी घाई का आहे त्याचं उत्तर कदाचित तिथंच सापडेल.

मग घ्यायचीच असेल तर कशी? मालक, जुने भाडेकरू म्हणजे सगळे वारस, आणि तुमची मुलगी, असा तिघांचा करार, मुद्रांक भरून सबरजिस्ट्रारकडं रजिस्टर केलेला. कलम ५५ प्रमाणं भाडेकरार लेखी आणि रजिस्टर लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मालक यात आपला वाटा घेणार, साधारण एक तृतीयांश मागतात, तो या ८० मध्येच आहे की वरनं आहे हे लेखी विचारा, एजंट यावर मुद्दाम गुळमुळीत बोलतात. करारात आणखी एक वाक्य फार महत्त्वाचं आहे, की जुनीच भाडेकरी तुमच्याकडं येतेय. नवी भाडेकरी दिली असं लिहून घेऊ नका, कारण सेसच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासात १३ जून १९९६ नंतर नव्यानं तयार केलेल्या भाडेकऱ्या धरत नाहीत. आजोबांच्या पावतीपासून मुलीच्या पावतीपर्यंत साखळी तुटता कामा नये.

पुनर्विकासाचं गाजर तुम्हालापण दाखवलंय. बिल्डिंग १ सप्टेंबर १९४० आधीची असल्यानं म्हाडाच्या सेस बिल्डिंगांच्या 'अ' वर्गात बसेल, आणि पुनर्विकासात भाडेकरूला कमीत कमी ३०० स्क्वेअर फूट कार्पेट मिळायचा नियम आहे, हे खरं. पण त्याला ५१ टक्के भाडेकरूंची संमती, बिल्डर, मालक सगळे जुळून यावे लागतात आणि ते कधी जुळेल याची तारीख कुणी देऊ शकत नाही. महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट पैसे भरून भाडेकरूच मालक होणार हेपण एजंट सांगतो म्हणे. तशी तरतूद १९८६ ला आली, मालक कोर्टात गेले, २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी त्यातल्या घटनेच्या प्रश्नावर निकाल दिला आणि तो एजंटला हवा तसा नाहीये. त्या आशेवर भाव देऊ नका. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडं सेसची नोंद आणि अतिधोकादायकच्या यादीत बिल्डिंग आहे का एवढं मात्र बघाच, ती यादी दर पावसाळ्याआधी निघते. सातारच्या पेठेतल्या वाड्याला भाडे कायदा हाच लागतो पण सेस आणि दुरुस्ती मंडळ ही भानगड फक्त मुंबई शहरात, माहीम-सायनपर्यंत, म्हणून मोती चौकातल्या ओळखीच्या माणसाचा सल्ला इथं पुरणार नाही.

लोन बँका सहसा देत नाहीत, विसरा. प्लॉटच्या पैशाचं मात्र आजच सीएला विचारा. टॅक्स वाचवायला घर घ्यायचा तुमचा विचार दिसतोय, पण भाडेकरी घेणं म्हणजे घर घेणं नाही असं इन्कम टॅक्सवाले म्हणू शकतात, आणि प्लॉट विकल्यापासून दोन वर्षांची मुदत चालू झालीय. तोवर पैसे कॅपिटल गेन अकाउंटला, म्हणजे टॅक्सच्या सवलतीसाठीच्या बँकेतल्या खास खात्यात, ठेवावे लागतील का, कधीपर्यंत, हे तो सांगेल.

राहिलं टोकन. ओनरशिप सांगून भाडेकरी दाखवली ही चुकीची माहिती देऊन पैसे घेणं झालं, करार रद्द करून पैसे परत मागायचा तुमचा हक्क आहे आणि दाव्याला तीन वर्षं आहेत. लगेच पोलीस स्टेशन गाठू नका, ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. आधी दोन्ही भावांना आणि एजंटला मेसेजवर एवढंच विचारा की मालकाची लेखी संमती आठ दिवसांत दाखवताय का. दाखवली तर वरचा करार बसवू, किंमतपण खाली आणू, माझ्या मते मालकाचा वाटा धरूनसुद्धा ८० जास्तच आहेत. नाही दाखवली तर नोटीस काढू, त्यासाठी एनईएफटीची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि एजंटचे व्हॉइस मेसेज लागतील, तेवढे डिलीट करू नका.