चौदाच दिवस का?

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रशिक्षण झालं, पोस्ट-टेस्टला आशाताईंना चांगले गुण पडले. महिन्याभराने तू घरभेटींना सोबत गेलीस, तर कुणी न्यूमोनिया ओळखायला बाळाचा श्वास पंधराच सेकंद मोजून चारने गुणत होतं, तर कुठल्या घरात जुलाबावरच्या झिंकच्या दहा गोळ्या तशाच पडून होत्या. आता विचारतेस, पुढच्या वेळी संशोधनाच्या स्लाइड वाढवू का? नको. तू त्यांच्याकडून नियम पाठ करून घेतलेस आणि कारण स्वतःजवळ ठेवलंस. चूक तिथे झाली.

झिंकचंच घे. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी. त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी. १४ दिवस. एवढं सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबतात आणि आई विचारते, "बरं झालंय की बाळ, आता कशाला?" इथे आशाताईकडे उत्तर नसेल तर ती "वरून सांगितलंय" एवढंच म्हणणार. तेवढ्यावर कुठली आई दहा दिवस गोळी देईल? उत्तर असं आहे: जुलाबातून बाळाच्या अंगातलं झिंक वाहून जातं. सुरुवातीच्या गोळ्यांनी चालू जुलाब लवकर आटोपतो, उरलेल्या ती तूट भरून काढतात. पूर्ण कोर्स झालेल्या बाळांना पुढचे दोन-तीन महिने जुलाब कमी वेळा होतात, हे चाचण्यांतून दिसलेलं आहे. "या राहिलेल्या गोळ्या पुढच्या जुलाबासाठी आहेत, ताई." हे आईला पटतं. गोळी चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात नाहीतर आईच्या दुधात विरघळवायची. चव धातूसारखी लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी बाळ ओकू शकतं. हे आधी सांगितलं नाही तर पट्टी त्याच दिवशी कोनाड्यात जाते.

म्हणून कारण सांग. प्रत्येक आकड्याचं.

श्वास पूर्ण मिनिटभरच का मोजायचा? कारण तान्हं बाळ एकसारखा श्वास घेत नाही. भराभर घेतं, काही सेकंद थांबतं, पुन्हा घेतं. तुझे पंधरा सेकंद नेमके कुठे पडले यावर निदान ठरणार. शिवाय पंधरा सेकंदांत एका श्वासाची चूक झाली की गुणाकारात ती चारची होते: १४ मोजले तर ५६, १५ मोजले तर ६०. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मिनिटाला ६० हीच धोक्याची सीमा. एका श्वासाच्या चुकीने बाळ तालुक्याला जाणार की घरी राहणार हे ठरलं. म्हणूनच या वयात ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मिनिटभर मोजायचं. दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षं ४०. बाळ शांत असताना, अंगावर पीत नसताना, झबलं वर करून, पोटाकडे बघत. मोबाइलवर वेळ बघणारीचे डोळे पोटावरून हटतात आणि दोन-तीन श्वास निसटतात. वेळ दुसऱ्या कुणीतरी सांगावी, घरातल्या मोठ्या मुलीनेसुद्धा.

आणि ५०च का, ४५ का नाही? हाही प्रश्न येऊ दे. हे आकडे १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनी, वेल्लोर अशा ठिकाणी खोकणाऱ्या मुलांचे श्वास मोजून, तपासून ठरत गेले. पिठाची चाळण समोर धर. भोकं बारीक केली तर कोंड्याबरोबर पीठही वर अडकतं, मोठी केली तर कोंडा खाली उतरतो. आकडा खाली आणला तर धडधाकट मुलांना अँटिबायोटिक जाईल, वर नेला तर न्यूमोनिया घरीच राहील. ज्या बाईने जन्मभर पीठ चाळलंय तिला हे दोन मिनिटांत समजतं.

"त्यांना एवढं कशाला? गोंधळतील." हे तुला ऐकावं लागणार. मीही पुष्कळ ऐकलं. माझ्या बॅचेस वेळेत संपत नाहीत हा ठपकाही खरा होता. कारणं सांगायला वेळ लागतो आणि तो वेळ मी घेत राहिले. खंत असेल तर ती सुरुवातीच्या वर्षांची, तेव्हा मीही नुसते तक्तेच पाठ करून घेतले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने पाच-दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी तपासणी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले. ३९ गावांत हे काम, शेजारची ४७ गावं तुलनेला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. आज तुझ्या आशाताई ज्या घरभेटी करतात, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा आणि घरी जन्मलेल्याकडे सात, त्यांचं मूळ इथे आहे. हे त्यांना सांग. तुलनेची गावं कशाला लागतात हेही विचार. "पाऊसपाणी बरं झालं म्हणूनही मुलं वाचली असतील ना, मग कसं कळणार?" असं कुणीतरी म्हणेल. तिथे पुरावा म्हणजे काय हे शिकवून झालं.

आता रजिस्टर. जन्माच्या वजनाचा रकाना वरून खाली वाच. २.५, २.५, ३, २.५ अशी रांग दिसली तर काटा वापरलेला नाही किंवा वापरून बदललेला आहे. अडीचच्या खाली लिहिलं की जास्तीच्या भेटी, जास्तीचे प्रश्न, बैठकीत बोलणी. म्हणून २.४ चे २.५ होतात. यावर चिडू नकोस. तू चिडलीस तर पुढच्या महिन्यात २.६ लिहिलेलं येईल. अडीचच्या आतलं बाळ लवकर गार पडतं, ओढून पिऊ शकत नाही, त्याला संसर्ग लवकर होतो, म्हणून खरा आकडा हवा, हे सांग. झोळी लटकवून मग काटा शून्यावर आणायचा, हेही हातात धरून दाखव.

आणि एका गावाचा बालमृत्युदर काढून कुणाला उभं करू नकोस. हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण पंधरा जन्म. एक मृत्यू झाला तर दर हजारी ६७, नाही झाला तर शून्य. यात आशाताईचं काम किती आणि योगायोग किती, कुणालाच सांगता येणार नाही. ३० हजार वस्तीचं आख्खं आरोग्य केंद्र घे, तीन वर्षं एकत्र घे, मग बोल. प्रत्येक मृत्यूची चौकशी मात्र कर, उशीर कुठे झाला ते शोधायला.

मोठं प्रशिक्षण आत्ता घेऊ नकोस. येत्या लसीकरण सत्राला चार आशाताई बोलव. दोघींनी एकाच बाळाचा श्वास एकाच वेळी मोजायचा, एकमेकींना न सांगता चिठ्ठीवर लिहायचा, मग चिठ्ठ्या उघडायच्या. चार-पाचपेक्षा जास्त फरक आला तर का आला हे त्यांनाच शोधू दे. तूही तिसरी चिठ्ठी लिही, तुझीही चुकेल. इंजेक्शनच्या आधी मोजा, नंतर बाळ रडतं. चिठ्ठ्या घरूनच कापून ने, तिथे कागद मिळत नाही.